बिनपगारी गुलाल

अंबाजोगाईच्या स्टँडवर उतरलो तेव्हा सोपानचा मुलगा गणेश मोटारसायकल घेऊन उभाच होता. सोपान माझा कॉलेजपासूनचा मित्र. त्याची मुलगी प्रतीक्षा विमा कंपनीत अधिकारी झाली म्हणून सत्काराचं आमंत्रण होतं. एवढ्या उन्हात नाशिकहून यायचं जिवावर आलं होतं, पण पोरीचं कौतुक म्हटल्यावर निघालो.

युसूफ वडगावात शिरतानाच तिच्या फोटोचा भलामोठा फ्लेक्स दिसला. इकडे परीक्षा पास होऊन साहेब झालेल्या पोरापोरींची मिरवणूक काढतात, तशीच हिचीही निघाली. हलगी कडाडत होती आणि माझा सदरा गुलालानं पार माखला. जेवायला भाकरी आणि येसर (भाजलेल्या धान्यांच्या पिठाची झणझणीत आमटी). पहिल्याच घासाला डोळ्यांतून पाणी आलं, तरी दुसरी वाटी मागून घेतली.

हात धुताना कंपनीचे व्यवस्थापक भेटले. सहज विचारलं, "पगार किती देता?"

"पगार न्हाई. जेवढ्या पॉलिसी, तेवढं कमिशन. सुरुवात घरच्यांपासून."

"मग हा थाट कशाला?"

"फ्लेक्स, हलगी, समदं आमीच करतो," ते हसून म्हणाले. "एकदा गुलाल पडला की पोरगी मागं सरत न्हाई."

मी हबकलोच. याच्यापायी प्रतीक्षानं दवाखान्यातली पगारी नोकरी सोडली होती! तिला बाजूला घेऊन सगळं सांगितलं. ती पांढरीफटक पडली. "काका, मला तर पगारी जागा हाय म्हनले व्हते," एवढं बोलून ती थेट मंचावर गेली.

"मला पगार न्हाई," ती माईकवर म्हणाली. "तुमच्या गळ्यात पॉलिसी मारायला घेतलंय मला. मी हे काम करनार न्हाई."

टाळ्यांसाठी उचललेले हात तसेच राहिले. सोपाननं मान खाली घातली. व्यवस्थापक मात्र ढिम्म. "ताईंची मर्जी. जागा रिकामी हाय. कोनी पदवीधर हाय का?"

तीन-चार हात वर गेले. पहिला हात गणेशचा. माझा डोळ्यांवर विश्वास बसेना.

संध्याकाळी तोच मला स्टँडवर सोडायला आला. राहवेना म्हणून विचारलं, "बहिणीचं ऐकलंस ना? मग हात का वर केलास?"

"काका, पदवी घेऊन किती वर्सं घरी बसलोय. लोक इचारत्यात, काय करतो म्हनून. एक डाव माझ्या नावानं बी गुलाल पडू द्या."

त्या लबाड माणसाची चीड मला अजूनही येते. पण जाणूनबुजून फसायला निघालेल्या या पोराला अडवायचं, तर त्याच्या हाती दुसरं काहीतरी द्यायला हवं होतं. माझ्याकडे काहीच नव्हतं. मी बसमध्ये चढलो.