उजव्या बाजूची कळी

आमच्या गावचा देव बोलत नाही. तो कळ्या पाडतो. गुंदच्या पलीकडे, कर्नाटकातल्या जोयड्याच्या दाट रानात वसलेल्या आमच्या गावात कोणतेही काम त्याला विचारल्यावाचून सुरू होत नाही. गुरव लाल पिटकुळीच्या दोन कळ्या पाण्यात बुडवतो, देवाच्या काळ्या पाषाणाला एक उजवीकडे आणि एक डावीकडे चिकटवतो, प्रश्न मोठ्याने सांगतो, आणि मग सगळे गाव श्वास रोखून त्या दोन ओल्या ठिपक्यांकडे पाहत राहते. उजवी आधी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. याला कौल म्हणतात. विहीर कुठे खणावी, म्हैस विकावी की ठेवावी, मुलीला रामनगरला शिकायला पाठवावे की दांडेलीला, सारे त्याच्याच गळ्यात. माझ्या मामांनी, आत्तीच्या म्हणजे आत्याच्या नवऱ्याला आमच्याकडे मामाच म्हणतात, तर एकदा प्रेशर कुकर घ्यावा की नाही याचाही कौल घेतला होता. देवाने कुकरला होकार दिला. शिट्टीचा त्याला त्रास होत नसावा. त्याच्या कानांवर तशाही बऱ्याच किंचाळ्या येतात आणि तो जागचा हलत नाही.

गेल्या वैशाखात मामांनी रानात मधाला जाऊ का, असे त्याला विचारले. उजवी कळी अशी चटकन खाली आली की गुरवाने कौतुकाने मान डोलावली. मामा निघाले. दुपारी एका फणसाच्या झाडाखाली त्यांना अस्वलीण भेटली. तिच्यामागे पिल्लू होते. तिने मामांचा डावा डोळा नेला, आणि खालचा जबडा असा मोडला की बेळगावच्या दवाखान्यात तो तारांनी बांधून पुन्हा जागेवर बसवला तरी तो आता मिटल्यासारखा मिटत नाही. त्यांना घास चावता येत नाही. तांदळाची पातळ पेज, तीही गार झालेली, एवढेच त्यांचे जेवण.

ही हकीकत मामा स्वतः सांगत तेव्हा त्यात रागाचा लवलेशही नसे. त्यांना आठवत असे तो वास. "तोंडाला तिच्या बरक्या फणसाचा वास यायचा गे," ते मला सांगत. "ग्वाड, पिकून गळाया आलेला. मला वाटलं, मराण एवढं ग्वाड वास मारतंय व्हय!" शब्द त्यांच्या ओठांच्या कडेने ओघळत, आत्ती पदराने ते टिपून घेई, जणू पेजच टिपते आहे.

"अस्वलिणीवर राग न्हाई तुमचा?" मी एकदा विचारले.

"तिच्यावर कशापायी? तिचं पिल्लू हुतं. आनि तिनं काय कौल घिऊन मारलं न्हाई मला."

आत्ती चुलीपाशी होती. तिने फुंकणी खाली ठेवली. "म्हनूनच माजं बी तिच्याशी काय वाकडं न्हाई," ती म्हणाली. "ज्यानं जा म्हनून सांगितलं, त्याच्याशी हाय."

एवढ्यावर थांबले असते तर गावाने ते एका दुखावलेल्या बाईचे बोलणे म्हणून सोडून दिले असते. पण आश्विन आला आणि नव्याचा दिवस जवळ आला. आमच्याकडे नवा भात कापला तरी कोणी लगेच खात नाही. प्रत्येक घरातून एक कणीस देवळात जाते, गुरव ती सारी कणसे एका जुडीत बांधून देवापुढे ठेवतो, आणि नंतर ती घरोघर परत वाटतो. ते कणीस दाराच्या चौकटीला बांधले की मगच नवा तांदूळ चुलीवर चढतो. जुडीत एका घराचे कणीस कमी पडले तर सगळ्याच गावाने जुन्या, कोंदट तांदळावर दिवस काढायचे. आणि आत्तीने जाहीर केले की या वर्षी तिचे कणीस येणार नाही.

मी बेळगावहून त्या दिवसांत गावी गेले होते. अंगणात झोडलेल्या भाताचा सुगंध पसरलेला होता. ओल्या पेंढ्याचा, मातीचा, आणि त्या दोहोंच्या खाली दडलेला दुधाचा. त्या सुगंधात मामा ओसरीवर बसून असत, एकुलता डोळा मिटून. नव्या तांदळाच्या पेजेची चव त्यांच्या जिभेला पुरती ठाऊक होती. त्यांच्या वाट्याला उरलेले ते एकच सुख. आणि बायकोच्या भांडणाने ते चुलीपर्यंत पोहोचत नव्हते.

"तुजं आनि देवाचं काय असंल ते असूं दे," ते आत्तीला म्हणत. "माज्या पेजंवर कशापायी उठलीस?"

"तुमच्याच पायी चाललंय सगळं."

"मग माज्याच पायी थांबव की!"

आत्ती सूप उचले. ती सुपात भात पाखडत राही. कोंडा उन्हात उडे आणि तिच्या पिकल्या केसांवर बसे.

शेजारणी येऊन गेल्या, गुरव येऊन गेला. गुरव माणूस भला, आत्तीच्या सासरचा लांबचा दीर, पण त्या उजव्या कळीचे ओझे त्याच्याही मानेवर होते. तो अंगणात उभा राहून एकेक कारण काढी आणि आत्ती ते सुपातल्या खड्यासारखे वेचून बाहेर टाकी.

"वैनी, गेल्या जन्माचं काय तरी आसतंय."

"गेल्या जन्मी ह्यांनी अस्वलाचा डोळा काढला आसंल, व्हय? मग ह्या जन्मी मिटलं. नवं कशाला कौल देऊन पाठवायचं?"

"देव परीक्षा बघतो मानसाची."

"परीक्षा बघायची आसंल तर शाळा काढावी त्यानं. गावात मास्तर न्हाईच."

"वाईट वेळ हुती, वैनी."

"तुमीच म्हनला हुता वेळ चांगली हाय म्हनून. कुनाची चांगली? अस्वलाची?"

गुरव दाराच्या खांबाला पाठ घासे आणि ताक पिऊन निघून जाई.

मीही माझा वाटा उचलून पाहिला. हा प्रश्न जगात फार जुना आहे आणि त्याची उत्तरे फार सुबकपणे बांधलेली आहेत. कॉलेजात असताना त्यांतली काही मी पाठही केली होती, वृत्तात बसवल्यासारखी. देवाने प्रत्येक जिवाला मोकळीक दिली आहे, मी आत्तीला सांगितले. मोकळीक द्यायची तर दुःखही द्यावे लागते. आत्तीने माझ्याकडे, ताप आला आहे का, अशा नजरेने पाहिले. "मोकळीक अस्वलाला दिली आनि डोळा ह्यांचा गेला? बरी वाटनी हाय गे." मग मी म्हटले की दुःखाशिवाय सुखाची किंमत कळत नाही. ओसरीवरून मामांचा आवाज आला: "मला कळत हुती. दोन डोळ्यांनी बी कळत हुती." यानंतर मी तत्त्वज्ञान आवरते घेतले आणि भात वाळत घालायला गेले. माझा स्वतःचा देवावर विश्वास नाही, हे मी सांगून टाकले पाहिजे. त्याची बाजू मी निव्वळ मामांच्या पेजेसाठी मांडत होते, आणि म्हणूनच बहुधा ती इतकी वाईट मांडली.

नव्याच्या आदल्या संध्याकाळी आत्तीने गुरवाला निरोप धाडला: कणीस घेऊन येते, पण आधी कौल लावायचा. प्रश्न माझा.

देऊळ म्हणजे काय, चार खांब, मंगलोरी कौले, आणि मध्ये तो पाषाण, शतकांच्या तेलाने काळा आणि गुळगुळीत. सकाळी तिथे सारे गाव जमले होते. तेलाचा खवट वास, ऊद, ओल्या दगडाचा गारवा, आणि मांडीवर मांडी घालून बसलेल्या माणसांच्या हातांतली ती पिवळी, जड, किंचित खरखरीत कणसे. मामांना पुढे जागा दिली होती. आत्ती उभी होती. तिचे कणीस तिच्या ओटीत होते, वर पदर घट्ट खोचलेला.

"विचारा, वैनी," गुरव कळ्या भिजवत म्हणाला. "पण हो-न्हाईत उत्तर येईल आसं विचारा. कौलात दुसरं काय बसत न्हाई."

"हो-न्हाईतच हाय," आत्ती म्हणाली. "त्या दिवशी फनसाच्या बुडात अस्वल हाय, हे तुला ठावं हुतं काय न्हवतं? ठावं आसंल तर उजवी. नसंल तर डावी."

गुरवाचा हात पाण्यात तसाच राहिला.

मी सभोवार पाहिले आणि तो प्रश्न एकेका चेहऱ्यावर उतरताना मला दिसला. उजवी पडली तर त्याला ठाऊक होते आणि ठाऊक असून त्याने मामांना पाठवले. डावी पडली तर त्याला झाडाखालचे अस्वलही दिसत नाही. मग विहिरी, म्हशी, सोयरिकी आणि प्रेशर कुकर आपण वर्षानुवर्षे विचारत आलो ते कुणाला? एका म्हाताऱ्याने टोपी काढून मांडीवर ठेवली. कोणी तरी खाकरले आणि मध्येच थांबले. इतक्या नम्रपणे, इतक्या रीतसर, देवाच्याच पद्धतीने त्याला कोपऱ्यात गाठलेले मी कधी पाहिले नव्हते.

"वैनी, हा प्रश्न नको."

"मग कनीस बी नको."

गुरवाने मामांकडे पाहिले. मामांनी खांदे उडवले. गुरवाने कळ्या उचलल्या. आणि मी पाहिले, त्याने त्या नेहमीसारख्या झटकल्या नाहीत. निथळत्या, पाण्याने जड झालेल्या तशाच त्या त्याने पाषाणाला लावल्या, आणि पडू नयेत म्हणून अंगठ्याने जरा दाबल्या. देवाला वाचवण्याची माणसाची ती धडपड पाहून मला त्या भल्या गृहस्थाविषयी एकाएकी फार माया वाटली.

कळ्या चिकटल्या. दोन्ही. हलेनात.

आम्ही बसून राहिलो. समईची वात तडतडली. पाण्याचा एक ओघळ पाषाणावरून हळूहळू उतरत होता, थबकत होता, पुन्हा उतरत होता. कोपऱ्यातून एक टारगट आवाज आला: "कन्नडात इचारा वो एकदा. सरकारी काम हाय, मराठीत आडकलं आसंल." हसू देवळाच्या कौलांपर्यंत गेले आणि गुरवाने डोळे वटारले तेव्हा परत खाली आले. मामाही हसले, हसले की त्यांचा जबडा एका बाजूला सरकतो आणि लाळ गळते. आत्तीने ती पुसली आणि पुन्हा कळ्यांकडे पाहत उभी राहिली. तिच्या मानेची शीर उडताना मला दिसत होती. ती गंमत करत नव्हती. तिला खरोखर जाणून घ्यायचे होते.

हा ताण गुरवाला सोसेना. त्याने शेवटी आपले हुकमी अस्त्र काढले. हात जोडले आणि गाऱ्हाणे सुरू केले. गाऱ्हाणे म्हणजे सगळ्या गावाच्या वतीने देवापुढे मांडलेले म्हणणे. गुरव एकेक वाक्य खड्या आवाजात उंच नेऊन सोडतो, आणि गावाने ते 'व्हय म्हाराजा' म्हणून झेलायचे. आईच्या मांडीवर असल्यापासून आम्ही ते झेलत आलो आहोत. काय झेलले हे कोणी पाहत नाही.

"बा देवा म्हाराजा, आज तुजी लेकरं नवं घिऊन तुज्या पायाशी आल्यात..."

"व्हय म्हाराजा!"

"रानात, शेतात, वाटंवर, पान्यावर त्यांस्नी राखनारा तूच..."

"व्हय म्हाराजा!"

आत्ती मोठ्याने खोकली. गुरवाने आवाज चढवला.

"आनि आज हितं कुनाकडनं काय चुकलंमाकलं आसंल..."

इथे गुरव नेहमी श्वास घेतो. पुढचे वाक्य असते, ते तू पोटात घाल. त्या श्वासाच्या फटीत, त्याच सुरात, त्याच हेलात, आत्तीचा आवाज शिरला:

"...तर तुज्याकडनं बी चुकलं आसंल, म्हाराजा! बायका-पोरांच्या देखत सांगते, ते ह्या गावानं पोटात घातलं!"

"व्हय म्हाराजा!"

सारे गाव म्हणाले. म्हातारा म्हणाला, कोपऱ्यातला टारगट म्हणाला, शेजारणी म्हणाल्या, गुरवही म्हणाला. मीही म्हणाले, आणि बहुधा सगळ्यांत मोठ्याने. माझा या देवाशी काही संबंध नाही, पण सूर ओळखीचा असला की कंठ मनाला विचारत बसत नाही.

मग काय झाले ते आमच्या ध्यानात आले. टोपीवाल्या म्हाताऱ्याने तोंडावर हात ठेवला. गुरवाचे तोंड उघडेच राहिले. देवाला माफी देऊन झाली होती, भर देवळात, एकमुखाने, आणि असे घातलेले गाऱ्हाणे मागे घेण्याची आमच्याकडे काही रीत नाही. सगळ्यांच्या माना आत्तीकडे वळल्या होत्या. ती रडत होती. आवाज नव्हता, नुसते डोळे भरून वाहत होते, आणि चेहरा मात्र अंगणात एखादे काम उरकल्यावर असतो तसा मोकळा होता.

"आता कसं," ती म्हणाली आणि ओटीतून कणीस काढून गुरवाच्या जुडीत खोवले.

तेव्हा कुठे कोणाला तरी कळ्यांची आठवण झाली. पाषाणावर एकच उरली होती. दुसरी खाली साचलेल्या पाण्यात पडलेली. पण उरलेली कळीही ओघळाबरोबर सरकत सरकत थेट देवाच्या बेंबीपाशी येऊन थांबली होती, आणि ती मुळात कोणत्या बाजूची, हे कोणालाच सांगता येईना. उत्तर मिळाले होते. ते पाहायला कोणी नव्हते, कारण आम्ही सारे जण एका रडणाऱ्या बाईकडे पाहत होतो. मला हे आजही देवळात घडलेले सर्वांत सभ्य कृत्य वाटते. त्याचे श्रेय कोणाला द्यावे ते मात्र मी ठरवलेले नाही.

"परत लावू काय, वैनी?" गुरवाने चाचरत विचारले.

"ऱ्हाऊं दे. आता कळून तरी काय करू? माफ करून बसलो न्हवं."

दुपारी दाराच्या चौकटीला कणीस बांधले गेले आणि आत्तीने नवा तांदूळ चुलीवर चढवला. पेज उकळू लागली तशी तिची दुधट, कोवळी वाफ ओसरीपर्यंत आली आणि मामांचे डोके आपोआप तिच्या दिशेने वळले. आत्तीने पेज पसरट थाळीत ओतली, पदराने वारा घालून गार केली आणि वाटीने त्यांना पाजू लागली. पहिला घोट त्यांनी तोंडात बराच वेळ धरून ठेवला. एकुलता डोळा मिटला. गळ्याची घाटी वर गेली, खाली आली.

आत्ती थांबली होती, वाटी हातात तशीच. देवळात कळ्यांकडे पाहत होती तशीच त्यांच्या तोंडाकडे पाहत.

"मीठ कमी हाय," मामा म्हणाले.

"मग गाऱ्हानं घाला," आत्ती म्हणाली, आणि मिठाच्या बरणीकडे हात नेला.