गोधडीची उलटी बाजू

मी ब्लाऊज शिवते. राजूरला आमच्या घराच्या पुढच्या खोलीत मशीन आहे, आणि लग्नसराईत दिवसाला चार-पाच ब्लाऊज हातावेगळे होतात. त्यामुळे सुई-दोरा मला कुणी शिकवावा, असं कधी वाटलं नव्हतं.

गेल्या वर्षी लकव्यानं सासूबाईंची उजवी बाजू गेली. बोलणं महिनाभरात सुधारलं, हात मात्र तसाच राहिला. नणंदेला सातवा महिना लागला होता. पहिलं बाळंतपण, त्यामुळे ती आमच्याकडेच येणार होती, आणि बाळासाठी सासूबाईंनी शिवायला घेतलेली गोधडी अर्धीच पडली होती. जुन्या सुती लुगड्यांचे थर, आणि कडेकडून आत येत गेलेल्या धावदोऱ्याच्या पाच फेऱ्या. मधला चौकोन तेवढा मोकळा. मी म्हणाले, दोन दिवसांत करून टाकते.

पहिल्या दुपारी मी एक फेरी पुरी केली. सासूबाईंचे टाके तिळाएवढे, माझे गव्हाच्या दाण्याएवढे, तेही लहानमोठे. त्यांनी डाव्या हातानं गोधडी उलटी केली. कितीतरी टाके खालच्या थरापर्यंत पोचलेच नव्हते.

"उसव," एवढंच म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशीही उसवलं. तिसऱ्या दिवशी नवऱ्यानं त्यांना हाताच्या व्यायामासाठी दवाखान्यात नेलं, तेव्हा मी चौकोनाच्या एका बाजूला सरळ मशीनची शिलाई मारली. परत आल्यावर त्यांनी तिच्यावरून बोटं फिरवली.

"बाई, हे पोतं झालं. लेकराच्या अंगाला बोचंल."

मला राग आला. अर्धं गाव माझ्या हातचं शिवलेलं घालतं, असं मी बोलून गेले. त्यांनी डाव्या हातानं गोधडी माझ्यापुढे सरकवली. शेवटी मीच बसून ती शिलाई उसवली. मशीनचा टाका बारीक, तासभर गेला.

उसवून झाल्यावर मी विचारलं, माझं चुकतं कुठं? तेव्हा कुठं त्या सांगायला लागल्या. दोरा हातभरच घ्यायचा, लांब घेतला की गुंततो. सुई तिरपी नाही, उभी घालायची. खाली धरलेल्या बोटाला टोक लागलं की लगेच वर वळवायची. एका वेळी सुईवर तीनच टाके. दोरा ओढायचा नाही, नाहीतर चुण्या पडतात, नुसता बसवायचा. आणि बारीक टाक्याच्या मागं आत्ताच लागायचं नाही, आधी सारखे येऊ द्यायचे.

आठवडाभर मी उशीच्या फाटक्या अभ्र्याची चौपदरी घडी करून तिच्यावर ओळी घातल्या. खालच्या बोटाची चाळण झाली. पण सुईचं टोक कधी वर वळवायचं ते बोटाला कळायला लागलं. मग गोधडी पुन्हा हातात घेतली. पहिली फेरी त्यांनी उलटी करून पाहिली आणि पुढची घालायला परत दिली.

शेवटची फेरी राहिली, तोवर नणंद बाळंतपणाला आली होती. त्या दुपारी ती आत झोपली होती. सासूबाईंनी सुई मागितली. डाव्या हातात धरली. मी कापड ताणून धरलं. वीतभर ओळीला पाऊण तास लागला आणि ती वाकडीतिकडी झाली.

"उसव ते."

"न्हाई उसवत, आत्याबाई. सगळे टाके खालपर्यंत गेलेत, बघा."

त्यांनी उलट्या बाजूवरून बोट फिरवलं, पुन्हा एकदा फिरवलं, आणि मला चहा टाकायला सांगितलं.

नणंदेला मुलगी झाली. बाळाला गुंडाळताना तिला ती वाकडी ओळ दिसली. हे मधलं कुणाचं, तिनं विचारलं.

"शिकणारीचं हाये," सासूबाई म्हणाल्या.

नणंदेला ते माझंच वाटलं. मीही तसंच राहू दिलं.