नरसय्यामामांची खळ

"इंग्रज सरकारने आम्हाला न विचारता महायुद्धात ओढलं," ही नव्या पत्रकाची पहिली ओळ आज सकाळी लिहिली. पत्रकं भिंतींवर डकवायला चुलीवर खळ शिजत होती. तिचा आंबूस वास नाकात शिरला आणि सोलापुरातले तीस सालचे लष्करी कायद्याचे दिवस आठवले.

तेव्हा खळ मागायला मी शेजारच्या विणकर नरसय्यामामांकडे गेलो होतो. ती सुताला लावायची खळ. तिच्यात करडईचं तेल आमच्या गल्लीत फक्त तेच घालत.

"कशाला पायजे रं?"

"पतंगाला," मी ठोकून दिलं.

भिंतींवरच्या पत्रकांवर तेलाचे डाग उमटले. त्या डागांवरून शिपायांनी मामांचं घर हुडकलं आणि त्यांना धरून नेलं. मामांनी माझं नाव सांगितलं नाही.

तुरुंगातून सुटले तेव्हा मामा निम्मे झाले होते. "पतंग लई उंच गेला की रं," म्हणाले. मग हळूच, "काय लिवलं हुतं त्यात?"

मी वाचून दाखवलं.

"खरं हाय. दिलीच असती खळ. पण मला विचारायचं हुतंस की."

तेव्हा मला ते रडगाणं वाटलं. देशाच्या कामात कसलं विचारायचं! आज थकलेल्या डोळ्यांनी ती पहिली ओळ पुन्हा वाचली, 'न विचारता'पाशी अडलो, आणि खळ अर्धीच ठेवून चुलीतलं लाकूड बाहेर ओढलं.