न शेकलेली हलगी

मंद्रूप गावात वरात खोळंबली की समजावं, हलगीतात्या अजून हलगी शेकताहेत. नवरदेव घोड्यावर घामाघूम, वरबाप घायकुतीला आलेला, आणि तात्या आपले कडबा पेटवून जाळावर कातडं फिरवत बसलेले. मधूनच टिचकी मारून हलगी कानाशी धरत. "निजलंय अजून. निजल्या माणसाला बोलाय लावू नये," म्हणत. एकदा का ती कडाडली, की तोच वरबाप सगळ्यांत आधी फेटा उडवायचा.

मी तिथल्या शाळेत मास्तर होतो. बहात्तरचा दुष्काळ सरून दोनेक वर्षं झाली असतील. एक परदेशी बाई गावोगावची वाद्यं टेपवर घेत आली, तात्यांना ऐकून गेली, आणि काही महिन्यांनी तिचं पत्र आलं. नुसत्या डफ-हलगीच्या जातीच्या वाद्यांचा महोत्सव तिच्या देशात भरणार होता, देशोदेशीचे वादक यायचे होते, तात्यांनाही बोलावलं होतं. मी पत्र वाचून दाखवलं. तात्यांनी एवढंच विचारलं, "तितल्या लोकास्नी कळंल का वो, मास्तर?"

"तुमच्यासारखं वाजवणारं तिथं कोण आहे?"

"वाजवायचं न्हवं. ऐकायचं इचारतोय मी."

निघायच्या दिवशी सोलापूर स्टेशनवर त्यांची पिशवी पाहिली, तर धोतराखाली कडब्याची पेंढी आणि काडेपेटी. मला लाज वाटली. परक्या मुलखात हसं होईल म्हणून मी ती काढून बाकाखाली सारली. "तिथं सगळं मिळतं, तात्या." शिकल्यासवरल्या माणसाचा शब्द त्यांनी मानला.

महोत्सव करून तात्या परत आले. खोदून विचारलं तेव्हा म्हणाले, "लई गारठा तितं, पाऊस. कातडं पार सैल पडलं. समदं मिळतं की तितं, वाळकं काडूक तेवढं न्हाय. तसंच वाजिवलं, बद्द बद्द." मग म्हणाले, "लोकं उभी ऱ्हाऊन टाळ्या वाजवत हुती. त्यास्नी वाटलं, ही अशीच वाजती."



गावानं आठवडी बाजारादिवशी त्यांचा सत्कार केला. हार घातले, वाजवायचा आग्रह केला. पाठीमागेच कडब्याची गंजी होती. तात्यांनी तिकडे पाहिलंही नाही. पावसाळी हवेत गार पडलेली हलगी तशीच उचलली आणि वाजवली. बाजार टाळ्यांनी दणाणला. परदेशात गाजलेली हलगी ती, आवडली नाही म्हणायची छाती कुणाची? टाळ्यांत मीही होतो, पहिल्या रांगेत.

तात्या थांबले. माझ्याकडे बघून हळू म्हणाले, "तुमी बी, मास्तर?"

त्यानंतर ती हलगी खुंटीवरून उतरली नाही. वरातींसाठी लोक दुसरीकडून वाजवणारे आणू लागले.

बऱ्याच वर्षांनी तात्या गेल्याचं कळलं, तेव्हा बदली होऊन सोलापुरात असलेला मी तिथून एक कडब्याची पेंढी घेऊन गेलो. अंत्ययात्रेपुढे वाजवायला एक अनोळखी माणूस उभा होता. मी पेंढी त्याच्यापुढे धरली, म्हटलं, आधी हलगी शेकून घ्या.

"ह्येला जाळ लागत न्हाय," तो म्हणाला. "कातडं न्हाय, पान प्लास्टिकचं हाय."

आणि त्यानं वाजवायला सुरुवात केली.