आधी आकडा, मग टोपल्या

आज ऑफिसात कुणीतरी डबा उघडला आणि सुक्या बोंबलांचा वास आला. मला एकदम मढच्या कोळीवाड्यातली हेमांगी आठवली, आणि अंधेरीतली माझी पहिली नोकरी.

माझा तिसरा महिना होता. जावात लिहिलेला माझा प्रोग्रॅम दुसऱ्या मशीनवरून येणारे निरोप वाचायचा. एकट्या मशीनवर झकास चालायचा, पण नेटवर्कवर टाकला की कधी अर्धाच निरोप हाती यायचा, कधी दोन एकमेकांना चिकटून. दुपारी साहेबांना दाखवायचं होतं. "वाट लागली गं," म्हणत मी शेजारच्या हेमांगीला सगळं रडगाणं ऐकवलं. ती मध्ये एकदाही बोलली नाही.

मग बोंबलांचा डबा पुढे करत म्हणाली, "माझी आई होडीतून मासळी पाठवते ना, तेव्हा आधी ओरडून सांगते, पाच टोपल्या! पलीकडे मावशी पाच मिळेपर्यंत धक्क्यावरून हलत नाही, मग होडीच्या कितीही फेऱ्या होऊ देत. तू आकडाच पाठवत नाहीस, तर समोरच्याला कसं कळणार?"

मी प्रत्येक निरोपाआधी त्याची लांबी पाठवली. वाचताना आधी लांबी वाचायची, मग तेवढे बाइट येईपर्यंत थांबायचं. दुपारी एकही निरोप तुटला नाही.

आज तो डबा उघडा असतानाच आमच्या टीममधली नवी मुलगी तोच घोळ घेऊन माझ्याकडे आली. दुसऱ्याच वाक्याला मला चूक कळली, उत्तर अगदी जिभेवर आलं. तेव्हा लक्षात आलं, त्या दिवशी हेमांगीलाही दुसऱ्याच वाक्याला कळलं असणार.

मी खुर्ची त्या मुलीकडे वळवली. "बोल, सगळं सांग."