शोभनाकाकू आणि रूबार्बची पानं

शोभनाकाकू निवांत बसल्यात, असं मी कधी पाहिलंच नव्हतं. शारजात रोल्ला भागात आमचे फ्लॅट समोरासमोर, गेली आठ वर्षं. माझ्याकडे चहाला आल्या तरी कप एका हातात धरून दुसऱ्या हाताने माझ्याच ओट्यावरची भांडी लावत उभ्या. त्यात भाजीतलं काही टाकायचं नाही हा बाणा. दुधीच्या सालींची चटणी, फ्लॉवरच्या पानांची भाजी. त्यांच्या कचऱ्याच्या पिशवीत नेमकं जातं तरी काय, हे कोडं मला अजून सुटलेलं नाही.

गेल्या महिन्यात इराण्याच्या दुकानात त्यांना रूबार्ब सापडलं. जाड, लालसर देठ. एक तुकडा तिथेच चावून म्हणाल्या, "अगं आभा, हा तर चुक्याचा थोरला भाऊ!" मग काय विचारता! गूळ-वेलची घालून त्याचा मुरंबा झाला. आमटीत चिंचेऐवजी तेच पडलं. माझ्या लेकीसाठी, ओवीसाठी तर वर खुसखुशीत पिठाचा थर देऊन क्रंबल भाजलं. तिने भांडं चाटूनपुसून परत केलं. चारुदत्तकाका रोज डब्यात पोळीबरोबर मुरंबा मागू लागले. काका रास अल खैमाला सिमेंटच्या कारखान्यात. पहाटे साडेपाचला कंपनीची बस, त्याआधी डबा तयार.

त्या सोमवारी अकराच्या सुमारास काकू खुशीत आल्या. "या वेळी जुडी पानांसकट मिळाली गं! एवढी मोठी पानं टाकवतात का? अळूसारखी पातळ भाजी केली. हरभऱ्याची डाळ, दाणे, थोडा गूळ." सोमवारचा त्यांचा उपास, त्यामुळे चव घेतलेली नव्हती. सगळी भाजी काकांच्या डब्यात गेली होती.

सुट्टी म्हणून ओवी घरी होती. तिने मोबाइलमधून मान वर काढली. "आजी, यू कुक्ड द लीव्ह्ज? बट दे आर पॉयझनस!"

मी तिच्या हातून मोबाइल घेऊन वाचलं. देठ खायचे, पानं विषारी. काकूंनाही वाचून दाखवलं.

काकूंनी काकांना फोन लावला. लागेना. प्लांटमध्ये शिरताना मोबाइल लॉकरमध्ये ठेवावा लागतो. मग गेटवरच्या वॉचमनला लावला.

"मॅडम, वो अंदर है. लंच में बात करेगा, इन्शाल्ला."

"लंच के पहले बोलो उनको! डब्बा नहीं खाने का, खलास!"

सांगतो म्हणाला. सांगितलं का, कोण जाणे. काकू दारापासून बाल्कनीपर्यंत नि बाल्कनीपासून दारापर्यंत. टॅक्सी करायला खाली गेल्या, पोचेपर्यंत जेवण होऊन जाईल म्हणून परत वर आल्या. मी डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, खाल्लं असेल तर तडक हॉस्पिटलमध्ये न्या. "माझ्या हातानं विष घातलं गं मी," काकू म्हणाल्या. मी त्यांना दटावलं, पण धीर मलाही उरला नव्हता.

पाऊण वाजता काकांचा फोन आला. काकूंनी तो स्पीकरवर टाकला.

"अगं, बारा मिस्ड कॉल? काय झालं?"

"अहो, डबा खाल्लात?"

"आत्ताच. का?"

"भाजी? भाजी खाल्लीत?"

पलीकडे काका घुटमळले. "रागावू नकोस. पोळी-मुरंबा खाल्ला. अळू मला सोसत नाही गं, घसा खवखवतो. मी आमच्या प्लांटमधल्या लियाकतला देतो, तो आवडीनं खातो."

"लियाकतनं खाल्ली?"

"तो गावी गेलाय, रत्नागिरीला. भाजी तशीच आहे."

"फेकून द्या! आत्ताच्या आत्ता! कोणाला देऊ नका!" पानांचं सांगताना काकूंना रडू फुटलं. मग डोळे पुसत त्यांनी विचारलं, "कधीपासून देताय लियाकतला?"

"झाली की वीस-एक वर्षं. तू इतक्या हौसेनं करायचीस, मग बोलवेना."

फोन ठेवून काकू माझ्या सोफ्यावर बसल्या. चहा दिला तर बसूनच घेतला. ओट्यावर सकाळची भांडी पडली होती, तिकडे त्यांनी पाहिलंही नाही.

"आभा," कप खाली ठेवून म्हणाल्या, "उद्या डब्यात काय देऊ गं? त्यांना काय आवडतं, ते मी कधी विचारलंच नाही."