नसलेली सवलत

आधी एक गोष्ट सरळ लिहून टाकतो. त्या काळी गाडीच्या विम्यात फौजींना कसलीही सवलत नव्हती. दर ठरलेले असत. दुकानदाराला जो, तोच शिपायाला. बोईसरला मी विम्याचा एजंट होतो, मला हे पक्कं ठाऊक होतं.

ऐंशीच्या दशकात तारापूरकडच्या मच्छीमार घरातला एक माणूस माझ्याकडे आला. लष्करात वीस वर्षं साहेबांच्या गाड्या चालवून निवृत्त झालेला. आता त्यानं स्वतःची मोटार घेतली होती, जुनी. मी त्याला सुभेदार म्हटलं.

"सुभेदार नाय भाऊ, नायक. उगाच वर चढवू नका, उतरताना गुडघे दुखतात." मग त्यानं विचारलं, "कँटीनमध्ये साबण स्वस्त, रेल्वेत सूट. विम्यात काय हाय का फौजवाल्यांना?"

पालघरचा एक एजंट त्याच्या मागे होता. गिऱ्हाईक जाईल या भीतीनं मी म्हणालो, "आहे ना. तुम्हाला नाही तर कुणाला?" आणि फुल विम्याऐवजी नुसत्या थर्ड पार्टीचा कागद केला. म्हणजे त्याच्या गाडीनं दुसऱ्याचं नुकसान झालं तर भरपाई. त्याच्या गाडीचं काही झालं तर काहीच नाही. हप्ता अर्थातच कमी आला. कागद इंग्रजीत होता. त्यानं विश्वासानं सही केली. मी मनाशी म्हटलं, हा काही गाडी ठोकणाऱ्यातला नव्हे.

ती सवलत त्यानं गावभर सांगितली. "सरकार आमाला इसरलं नाय," म्हणायचा. पाम गावात कुणी अडलेली बाई असली तर पालघरच्या दवाखान्यात तोच पोचवायचा. दर वर्षी तो यायचा आणि मी तसलाच कागद पुढे करायचो.

तिसऱ्या वर्षी दिवाळीनंतर अवेळी वादळ झालं. दारात उभ्या गाडीवर चिंच कोसळली.

दोन दिवसांनी तो आला. "फुल हाय ना भाऊ आपला?"

समोर दुसरं गिऱ्हाईक बसलं होतं. मी कागदावर बोट ठेवलं. "तुम्हीच कमीतला मागितलात. ही सही तुमचीच ना?"

तो सहीकडे बघत राहिला. भांडला असता तर बरं झालं असतं.

"सही माझीच हाय," तो म्हणाला. "मीच नीट इचारलं नसंल."

गाडी भंगारात गेली. तो एका कारखान्याचा टेम्पो चालवू लागला. कारखान्यातली सालवडची पोरं "ए फौजी, जल्दी कर" म्हणून हाकारायची. बाजारात मासळी विकणारी त्याची बायको चारचौघांत म्हणायची, "साहेबांच्या गाड्या वीस वर्षं सांभाळल्या, आपल्या गाडीचा एक कागद नाय सांभाळता आला. कंजूषपणा केला, दुसरं काय!" एकदा तो तिथंच पाटी उचलायला वाकला होता. मी बोंबील घेतले आणि निघालो.

नव्वदच्या दशकात तो गेला. त्याच्या बायकोच्या दारात जायला मला त्यानंतरही खूप वर्षं लागली. ती पुष्कळ म्हातारी झाली होती, अंगणात सुकट पसरत होती. मी सगळं सांगितलं.

"त्याला ठाव होतं?" तिनं विचारलं.

"नाही."

"मग मला कशाला सांगतोस? त्याला सांगायचं होतं." हातातली सुकट तिनं खाली टाकली. "मी त्याला मरेपर्यंत बोलली रे. घास घेताना बोलली. तो म्हणायचा, हाय माझी चूक, आता जेवू दे."

तिनं मला बस म्हटलं नाही, जा पण म्हटलं नाही.